रावबहादूर धुरंधर आणि आपल्या गेटवरची माणसं

स्मरणिका समितीची पहिली बैठक झाली तेव्हा मुखपृष्ठावर काय छापायचं यावर बराच वेळ चर्चा झाली. बिल्डिंगचा फोटो असावा, तोही ड्रोनने काढलेला, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. मी हळूच म्हटलं, की चित्र काढून देते. त्यावर एक जण अगदी प्रेमाने म्हणाले, काकू, आता चित्र कशाला, मोबाइलवर बटण दाबलं की होतं. मी काही बोलले नाही. जन्मभर चित्रं काढून पोट भरलेल्या बाईला हा प्रश्न नवा नाही. पण घरी आल्यावर वाटलं, याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे, तेच लिहावं. मुखपृष्ठावर फोटोच आहे, तो छान आलाय. माझ्या वाट्याला ही चार पानं आणि मागची आठ चित्रं आली, त्यात मी खूश आहे.

तो माणूस म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. कलेच्या जगात रावबहादूर धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, 18 मार्च 1867. जात पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईच्या अगदी जुन्या रहिवाशांपैकी. त्या वेळी कोल्हापुरात आबालाल रहिमान नावाचे एक विलक्षण चित्रकार होते, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आलेले. धुरंधरांनी लहानपणी त्यांची चित्रं पाहिली आणि या मुलाच्या डोक्यात चित्रकलेचं खूळ शिरलं. आपल्यापैकी कुणी कोल्हापूरला गेलं तर आबालालांची निसर्गचित्रं जरूर बघा. रंकाळ्याच्या पाण्यावरचा उजेड त्यांच्याइतका कुणी ओळखला नसेल. शिष्य मात्र निसर्गाकडे फारसा वळला नाही, तो माणसांत रमला. गुरूचं नेमकं काय उचलायचं आणि काय सोडायचं, हे ज्याला कळतं त्याचंच पुढे काही होतं, असं माझं मत आहे.

1890 च्या जानेवारीत धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा तिथे जॉन ग्रिफिथ्स प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षं नकलून घेणारे तेच हे ग्रिफिथ्स. त्यांची या कोल्हापूरच्या मुलावर मर्जी बसली. शिकवण्याची पद्धत पक्की विलायती. आधी प्लास्टरचे ग्रीक पुतळे समोर ठेवून महिनोन्महिने छायाप्रकाश घोटायचा, मग जिवंत मॉडेल, मग रचना. मी 1970 च्या दशकात शेजारच्या अप्लाइड आर्टला शिकले, तेव्हाही ते पांढरे पुतळे नाक तुटलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभे होते. आम्ही त्यांना हसायचो. आता वाटतं, हाताला जे वळण लागलं ते त्यांच्याचमुळे.

1895 साली धुरंधरांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. वय अठ्ठावीस. चित्राचं नाव इंग्रजीत होतं, अर्थ साधारण ‘आलीस का लक्ष्मी’ असा. नाव वाचूनच कळतं, की या माणसाचा हात विलायती वळणाचा असला तरी नजर घरातच होती. साहेबाकडून घेतलेलं तंत्र त्याने आपल्या ओटीवर, माजघरात आणि लग्नाच्या मांडवात आणलं.

राजा रविवर्मांचा काळ तो हाच. रविवर्मांची लक्ष्मी-सरस्वती छापखान्यातून घरोघरी पोचू लागली होती. धुरंधरांवर त्यांचा प्रभाव होता, हे कुणीही सांगेल. पण मला दोघांत एक फरक दिसतो. रविवर्मांची बाई चित्रात बसलेली असते, कुणीतरी बघतंय हे तिला ठाऊक असतं. धुरंधरांची बाई कामात असते. पदर खोचलेला, एक हात कंबरेवर, मान वळवून कुणाशी तरी बोलतेय. नऊवारीचा काष्टा चालताना कसा ताणतो, डोक्यावर ओझं असलं की मान कशी ताठ होते, कडेवर मूल असलेली बाई कुठल्या बाजूला कलते, हे त्यांना तोंडपाठ होतं. हे मॉडेल बसवून येत नाही. त्याला रस्त्यावर उभं राहावं लागतं, खिशात वही लागते.

शिकता शिकता ते तिथेच मास्तर झाले आणि पुढची सगळी नोकरी जे. जे. मध्येच केली. हळदणकरांसारखे चित्रकार त्यांच्या मास्तरकीच्या काळात तिथून बाहेर पडले. संस्थेच्या संचालकाची खुर्ची तोवर गोऱ्या साहेबाचीच असायची. 1930 च्या सुमारास त्या खुर्चीवर काही काळ बसणारे धुरंधर हे पहिले भारतीय. 1931 मध्ये निवृत्त झाले आणि पुढे 1940 मध्ये ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहिलं. एकेचाळीस वर्षं एकाच इमारतीत! आपल्याला पंचवीस वर्षांचं एवढं कौतुक.

पण मला ते जवळचे वाटतात ते पदकांमुळे किंवा खुर्चीमुळे नाही. ते आमच्या धंद्यातले होते, म्हणून. शाळा सुटली की हा माणूस पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, पोस्टकार्डं काढायचा, रेल्वेची पोस्टरं करायचा. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची त्यांची पोस्टकार्डं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. साहेबलोक ती विलायतेला घरी पाठवत. थोडी गंमत, थोडी टवाळी, आणि एवढ्याशा चौकोनात अख्खा माणूस. या सगळ्याला चित्रकारांच्या जगात हलकं काम समजतात. तैलचित्र काढणारा तो चित्रकार आणि पुस्तकात काढणारा तो नुसता चित्रं काढून देणारा. मी चाळीस वर्षं शालेय पुस्तकं, दिवाळी अंक, औषधांची माहितीपत्रकं, लग्नपत्रिका असं सगळं केलंय. आपल्या सोसायटीतल्या निम्म्या मुलांनी माझी चित्रं असलेली पुस्तकं वाचली असतील आणि त्यांतल्या बहुतेक पुस्तकांवर माझं नाव नाही. एका प्रकाशकाकडे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, पाच जण चित्रं काढतात, कुणाकुणाचं नाव घालणार. मी चेक घेतला आणि आले. तेव्हा मुलगी लहान होती, नवऱ्याची नोकरी गेलेली. नाव मागत बसायची ती वेळ नव्हती.

धुरंधर मात्र सही करायचे. मोठ्या चित्रावर करायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या चित्रावरही करायचे. खालच्या कोपऱ्यात स्वच्छ सही, पुष्कळदा सालासकट.

त्यांचं माझ्याकडे असलेलं एकमेव पुस्तक मला फोर्टातल्या फुटपाथवर मिळालं, 1983 मध्ये. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’. 1914 साली लंडनच्या मॅकमिलनने काढलेलं. लेखक सी. ए. किंकेड, आय. सी. एस. मधले अधिकारी. पुठ्ठा सुटलेला, पानं पिवळी. उघडून वाचायला लागले आणि तिथेच उभी राहिले, कारण त्या आपल्या श्रावणातल्या कहाण्या होत्या! आदित्यराणूबाई, खुलभर दूध, दिव्यांची अवस, सगळं इंग्रजीत. आजी तांदूळ हातात देऊन जे ऐकवायची, तेच एका साहेबाने आपल्या लोकांसाठी लिहून काढलेलं. आणि मध्ये मध्ये धुरंधरांची रंगीत चित्रं. गोष्ट इंग्रजीत गेली तरी चित्रातल्या बायका मराठीच राहिल्या. राणी असो नाहीतर नागकन्या, चेहरा आपल्याकडचा, लुगडं आपल्याकडचं. पुस्तक वाचणाऱ्या विलायतेतल्या पोराला ते कळलं नसेल. मला कळलं.

त्या काळी रंगीत चित्र छापणं किती कटकटीचं होतं ते आजच्या मुलांना सांगायला हवं. मूळ चित्राचे गाळणीच्या काचा लावून तीन वेळा फोटो काढायचे, त्यावरून पिवळा, लाल आणि निळा असे तीन ब्लॉक करायचे आणि एकाच कागदावर एकावर एक छापायचे. एक ब्लॉक केसभर सरकला की बाईच्या ओठांची लाली गालावर. म्हणून पुस्तकासाठी काढणाऱ्याला चित्र काढतानाच छापखाना डोक्यात ठेवावा लागतो. कुठला रंग मरेल, कुठली बारीक रेघ बुजेल, कुठे मोकळा कागद सोडायचा. धुरंधरांचं जलरंगाचं काम बघताना मला हे सतत जाणवतं. गर्दीच्या चित्रातसुद्धा प्रत्येक आकृतीभोवती थोडी हवा असते.

त्याआधी, 1912 मध्ये, एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’साठी त्यांनी चित्रं काढली होती. हे एडवर्ड्स त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर होते. पुस्तकात मोहरम आहे, अफूचे अड्डे आहेत, सिद्दी आहेत, कोळी आहेत, रात्रीची मुंबई आहे. एका पोलीस कमिशनरने शहर बघितलं आणि एका ड्रॉइंग मास्तरने ते काढलं. दोघांचं बघणं सारखं असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तो विचार जास्त टोचायला लागला तो ‘विमेन ऑफ इंडिया’मुळे. 1920 सालचं पुस्तक, लेखक ऑटो रॉथफेल्ड, तेही आय. सी. एस. धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रं. 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा मी दोनदा गेले. पहिल्यांदा आपल्या सोसायटीतल्या तिघी बरोबर होत्या, लोकलने गेलो, येताना भेळ खाल्ली. दुसऱ्यांदा एकटी. तिथला जिना गोल गोल वर चढतो आणि प्रत्येक मजल्यावर अर्धवर्तुळाकार भिंत. दुपारची वेळ, गर्दी नाही. घरी आल्यावर ‘विमेन ऑफ इंडिया’तली चित्रं मी पुन्हा संगणकावर एकेक करून पाहिली. अप्रतिम आहेत. हातांची ठेवण, दागिने, नेसण्याच्या तऱ्हा, सगळं जिथल्या तिथे. कपड्यांचा अभ्यास करणाऱ्याला खजिना आहे. पण खाली नावं नाहीत. अमक्या जातीची बाई, तमक्या गावची बाई. सरकारला या देशातल्या लोकांची वर्गवारी हवी होती आणि हे पुस्तक त्याच हवेत निघालं. त्या बायकांपैकी कुणीतरी खरंच धुरंधरांसमोर उभी राहिली असेल, तिला काही नाव असेल. चित्रकाराची सही कोपऱ्यात आहे, तिचं नाव नाही.

यात धुरंधरांना दोष द्यावा का? मला ठरवता येत नाही. पुस्तक त्यांचं नव्हतं, मथळे लिहिणारा दुसरा. शिवाय त्यांच्या चित्रात ती बाई नुसता नमुना राहत नाही. डोळ्यात काहीतरी असतंच, थोडा कंटाळा, थोडं हसू, कधी चक्क राग. त्यांच्या हाताला नुसता नमुना काढताच येत नव्हता. पण त्यांनी सरकारची कामं आनंदाने केली हेही खरं. रावबहादूर किताब घेतला. नवी दिल्ली बांधली जात होती तेव्हा तिथल्या सचिवालयात भिंतीवरची चित्रं काढण्याचं काम मुंबईला मिळावं की बंगालला, यावर मोठी चुरस होती. धुरंधरांच्या वाट्याला लॉ मेंबरच्या दालनातली चित्रं आली, हिंदू आणि मुस्लिम न्यायदानाचे प्रसंग. आणि त्याच हातांनी औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी शिवचरित्रातले प्रसंगही रंगवले, ते औंधच्या संग्रहालयात आजही आहेत. साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून जावं. पोट, हौस, मान आणि मन, सगळं एका माणसात असतं. आपण आपल्या सोयीने एकच बघतो.

घरचं आयुष्य फार सुखाचं म्हणता येणार नाही. पहिली पत्नी तरुणपणीच गेली. दुसऱ्या लग्नाची मुलगी अंबिका. तिला वडिलांनी जे. जे. मध्ये शिकवलं, तेव्हा तिथे मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ती स्वतः चित्रकार झाली. 1944 च्या 1 जूनला धुरंधर गेले. नंतर तीनच वर्षांत मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला, नव्या चित्रकारांची पिढी आली आणि धुरंधरांसारख्यांना जुनाट, गोष्टी सांगणारे म्हणून बाजूला ठेवलं गेलं. त्या सगळ्या वर्षांत खारच्या घरात अंबिकाबाईंनी वडिलांची चित्रं आणि वह्या सांभाळल्या. त्या 2009 पर्यंत होत्या. चित्र काढणाऱ्याइतकंच ते जपणाराचंही आयुष्य त्यात जातं. माझी मुलगी हे वाचेल, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता आपल्या गेटवरच्या माणसांकडे येते. सोसायटीत राहायला आल्यापासून मी गॅलरीत बसून गेटवरची माणसं काढते. हे कुणी सांगितलेलं काम नाही, पैसेही नाहीत. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची चित्रं संपली की संध्याकाळी स्वतःसाठी एक. हे सरळ सरळ धुरंधरांकडून घेतलेलं. वह्या आता एकोणीस झाल्यात. भाजीवाला, इस्त्रीवाले काका, कोहळा उचलणारी बाई, पहिल्या पावसात बंब घेऊन आलेला माणूस, बी विंगच्या आजी आणि त्यांची निळी खुर्ची, गणपतीच्या मिरवणुकीतली पोरं जी आता स्वतः पोरं घेऊन येतात.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी एक तरुण मुलगा माझ्या दारात आला. त्याचे वडील इथे रात्रपाळीला वॉचमन होते, बरीच वर्षं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गावी गेले आणि तिथेच वारले. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की सहाव्या मजल्यावरच्या काकूंकडे त्यांचं चित्र असेल. घरी फोटो होता तो फक्त आधार कार्डावरचा. मी त्याला बसवलं, चहा ठेवला आणि वह्या काढल्या. आणि माझ्या लक्षात आलं, की शोधू कसं? मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. बारा वर्षं त्यांनी माझ्यासाठी लिफ्ट थांबवली होती, माझ्या पिशव्या वर आणल्या होत्या. वहीत खाली लिहिलेलं, माझ्याच अक्षरात: वॉचमन, रात्रपाळी. पुढे तारीख आणि माझी सही.

एक नाही, सात चित्रं निघाली. एकात ते स्टुलावर बसून मफलर गुंडाळतायत. मुलाने ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, की हा मफलर अजून घरी आहे. मी सातही पानं कापून त्याला दिली. त्याआधी त्याला विचारून प्रत्येकाखाली नाव लिहिलं.

स्मरणिकेसाठी आठ चित्रं निवडायची ठरली तेव्हा मी समितीला एकच अट घातली. चित्राखाली ‘भाजीवाला’ किंवा ‘बाई’ असं काही छापायचं नाही, नाव छापायचं. मग दोन महिने मी नावं गोळा करत फिरले. ए विंगच्या सेक्रेटरी वहिनींनी जुनी रजिस्टरं काढून दिली. इस्त्रीवाले काका स्वतःच सापडले, स्टेशनच्या पलीकडे मुलाच्या दुकानात बसतात, त्यांना चित्र दाखवलं तर म्हणाले, एवढा बारीक होतो काय मी. कचरा उचलणाऱ्या बाईंचं नाव त्यांच्या भाचीकडून कळलं. एकेका नावासाठी तीन-तीन फोन झाले.

सात नावं मिळाली, ती पुढच्या पानांवर आहेत. आठवं चित्र कोळणीचं आहे, 2004 च्या आसपासचं. टोपली उतरवताना एक हात कंबरेवर, मान मागे वळलेली. ती मंगळवारी-शुक्रवारी यायची, सी विंगच्या पायऱ्यांवर बसायची, सुरमईचे तुकडे करताना सगळ्या सोसायटीच्या बातम्या सांगायची. नंतर यायची बंद झाली. तिचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. तिच्या चित्राखाली कोरी ओळ ठेवायला सांगितली आहे. ज्यांना आठवत असेल त्यांनी आपल्या प्रतीत पेनाने लिहावं, आणि जमलं तर वर येऊन मलाही सांगावं. संध्याकाळी सहानंतर मी गॅलरीतच असते.